पाव टनाची गाडी

पलूसच्या बाजारातून तासगावच्या दिशेने निघालो की एका गॅरेजच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली, एक जुनी जीप उभी दिसते. रंग कधीकाळी हिरवा असावा. बॉनेट उंच, समोरच्या पत्र्याला उभ्या फटी, दोन गोल दिवे, पुढचे मडगार्ड टेबलाच्या फळीसारखे सपाट. आमच्याबरोबर बारावीची आठ-दहा मुले होती. त्यांना विचारले, ‘ही गाडी कशासाठी बनवली असेल?’ पहिले उत्तर आले, ‘वडापसाठी!’ दुसरे आले, ‘निवडणुकीच्या प्रचारासाठी.’ एक मुलगी म्हणाली, ‘सिनेमातल्या पोलिसांसाठी.’ सैन्याचे नाव कोणीच घेतले नाही.

उत्तरे चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. गेली सत्तर वर्षे या भागाने जीप पाहिली ती गटविकास अधिकाऱ्याची, वनखात्याची, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची आणि वडापची. पण ज्या कामासाठी गाडी आखली ते काम निराळे होते, आणि त्या कामाच्या खुणा तिच्या प्रत्येक पाट्यात, प्रत्येक पत्र्यात राहिल्या आहेत. एका कामासाठी आखलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावली की काय होते, हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. आपले विद्यार्थी रोज सकाळी त्याच प्रश्नात बसून शाळेला येतात. म्हणून जीपची गोष्ट जरा मुळापासून पाहू.

पहिल्या महायुद्धात निरोप पोहोचवणे, टेहळणी करणे, एखादी मशिनगन पुढे नेणे ही कामे घोडा करी, किंवा बाजूला खुर्ची जोडलेली मोटरसायकल करी. घोड्याला चारा लागतो आणि तो गोळीला घाबरतो. मोटरसायकल चिखलात आडवी होते. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्याने काही आठवड्यांत फ्रान्स घेतला आणि अमेरिकेच्या लष्कराला या दोहोंच्या जागी तिसरे काहीतरी तातडीने हवे झाले. जुलै १९४० मध्ये लष्कराने १३५ कारखान्यांना आपली मागणी कळवली. गाडीची चारही चाके इंजिनाने फिरली पाहिजेत. तीन माणसे आणि एक मशिनगन, मिळून पाव टनाच्या आसपास ओझे तिने नेले पाहिजे. गाडीचे स्वतःचे वजन १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलोच्या आत हवे. आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा!

मागणीपत्र असे असले की बहुतेकजण ते बाजूला ठेवतात. तसेच झाले. दोनच कंपन्यांनी निविदा भरल्या, आणि ४९ दिवसांची अट एकटीने मान्य केली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या ‘अमेरिकन बँटम’ नावाच्या, दिवाळखोरीच्या काठावर उभ्या असलेल्या छोट्या कंपनीने. तिच्याकडे आराखडा काढणारा माणूसही नव्हता. डेट्रॉइटहून कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावले गेले. त्याने दोन-तीन दिवसांत साऱ्या गाडीचे आराखडे कागदावर उतरवले. ५९० किलोंत हे बसणार नाही हे त्याला पहिल्या दिवशीच कळले असणार. कागदावर वजन मर्यादेत दाखवले गेले. प्रत्यक्षात गाडी त्याच्या दीडपटीच्या आसपास भरली. २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, ती मेरीलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर रस्त्यानेच चालत पोहोचली.

वजनाचा वाद तिथे निघालाच. प्रोब्स्टने नंतर सांगितलेली एक आठवण अशी. अधिकाऱ्यांपैकी एक म्हणाला, खड्ड्यात गेलेली गाडी दोन माणसांना उचलून बाहेर काढता आली तर वजन किती का असेना, आम्हाला चालेल. त्यावर घोडदळातला एक धिप्पाड अधिकारी उठला, गाडीच्या मागे गेला आणि त्याने एकट्याने तिची मागची बाजू उचलून दाखवली. ही कथा वर्गात सांगण्याजोगी आहे, आणि तपासण्याजोगीही. मागच्या चाकांवर साडेचारशे किलोच्या आसपास भार आला असणार. उचलायचे गाडीच्या अगदी टोकाला धरून, म्हणजे तरफेचा थोडा फायदा मिळणार. पुढची चाके टेकू धरून मुलांना गणित करायला सांगा. उत्तर तीनशे किलोंच्या वर जाते. त्या अधिकाऱ्याने बहुधा पाट्यांमधला ताण सुटेल इतकीच गाडी वर केली असावी. की आठवणीला कालांतराने बळ येते, असे म्हणायचे?

लष्कराला गाडी आवडली, पण इतक्या छोट्या कंपनीच्या भरवशावर युद्ध लढायची त्याची तयारी नव्हती. बँटमचे आराखडे ‘विलिस-ओव्हरलँड’ आणि ‘फोर्ड’ या कंपन्यांना दाखवले गेले आणि त्यांनीही आपापले नमुने केले. पुढे विलिसच्या नमुन्यावर शिक्का बसला, कारण तिचे ६० अश्वशक्तीचे, २.२ लिटरचे इंजिन इतर दोघांपेक्षा बरेच दणकट होते. मात्र गाडी जड होती. वजनमर्यादा तोवर २,१६० पौंडांवर, म्हणजे ९८० किलोंवर आली होती आणि गाडी शंभराहून अधिक किलोंनी पुढे होती. विलिसचा मुख्य अभियंता बार्नी रूस याने गाडी पूर्ण सुटी केली, प्रत्येक भाग तोलला आणि जिथे बोल्ट नटाच्या बाहेर डोकावत होता तिथे तो कापला. रंगाचा आणखी एक हात मारला असता तर मर्यादा ओलांडली असती, अशी आख्यायिका आहे. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सुमारे ६,४०,००० जीप बनवल्या. बँटमने पावणेतीन हजारांच्या आत गाड्या केल्या आणि उरलेले युद्ध तिने जीपमागे जोडायच्या ट्रॉल्या बनवण्यात घालवले. ज्याने वाट काढली त्याच्या वाट्याला ट्रॉली आली! तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे नवे नाही, तरी आम्हाला दर वेळी वाईट वाटते.

अंतिम गाडीचे वजन सुमारे १,०५० किलो होते. पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर ८० इंच, म्हणजे २०३ सेंटिमीटर. डाव्या-उजव्या चाकांतले अंतर सुमारे १२४ सेंटिमीटर. नेण्याची क्षमता, माणसे धरून, साधारण ३६० किलो. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे लागतील. बाकी सारी रचना लढाईच्या धांदलीत साधी झालेली. दारे नाहीत. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली. समोरचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवता येतात, म्हणजे रात्री बॉनेट उघडून त्याच उजेडात इंजिन दुरुस्त करता येते. समोरची जाळी आधी लोखंडी पट्ट्या जोडून करत. फोर्डने ती एकाच पत्र्यातून ठोकून काढली आणि तिचे वजन व किंमत दोन्ही कमी झाले. पलूसच्या लिंबाखालच्या गाडीच्या तोंडावर ज्या उभ्या फटी दिसतात त्यांचे मूळ हे.

‘जीप’ हे नाव कुठून आले यावर बरेच वाद आहेत. लष्करी वर्गीकरणातल्या ‘जीपी’ या अक्षरांवरून, असे एक मत. १९३६ साली पॉपायच्या चित्रकथेत अवतरलेल्या, कुठूनही कुठेही जाऊ शकणाऱ्या ‘युजीन द जीप’ नावाच्या अजब प्राण्यावरून, असे दुसरे. आम्हाला दुसरे अधिक आवडते, पण आवडणे हा पुरावा नव्हे.

चार चाके कशाला?

आता थोडे चिखलात उतरू. पलूस तालुक्यातली कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात काय करते हे इथल्या माणसाला सांगायला नको. चप्पल हातात घेऊन चालावे लागते.

कोणतीही गाडी पुढे जाते ती इंजिनामुळे नव्हे, घर्षणामुळे. इंजिन चाक फिरवते, चाक जमिनीला मागे ढकलते, आणि जमीन गाडीला पुढे ढकलते. हा धक्का जास्तीत जास्त किती? फिरणाऱ्या चाकांवर जेवढा भार आहे, त्याला घर्षणगुणांकाने गुणा, तेवढा. कोरड्या डांबरावर हा गुणांक ०.७ ते ०.८ असतो. ओल्या काळ्या मातीवर तो ०.३ धरू. दुसरीकडे, मऊ चिखलात चाक सतत स्वतःपुढचा चिखल दाबत जाते. त्याचा विरोध गाडीच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढा, म्हणजे ०.२ पट धरू.

समजा फक्त मागची दोन चाके इंजिनाने फिरतात आणि त्यांवर निम्मे वजन आहे. मिळणारा धक्का ०.३ गुणिले अर्धे वजन, म्हणजे वजनाच्या ०.१५ पट. विरोध ०.२ पट. गाडी रुतली! इंजिन कितीही मोठे बसवा, चाके फक्त जागच्या जागी गरगर फिरतील. आता चारही चाके फिरू द्या. धक्का ०.३ पट, विरोध ०.२ पट. गाडी निघाली. इंजिन तेच, चिखल तोच. मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण ‘ताकद’ म्हणजे इंजिन हे मनात पक्के बसलेले असते. सुतळीने ओढायची एक खेळण्यातली गाडी आणि ओल्या मातीचा एक ट्रे एवढ्या सामानावर विरोध मोजता येतो. सुतळीला स्प्रिंगकाटा लावा म्हणजे झाले.

चढावर हीच गोष्ट दुसऱ्या रूपात भेटते. दर १० मीटर आडव्या अंतराला ६ मीटर उंची, म्हणजे सुमारे ३१ अंशांचा चढ जीपने चढावा अशी अपेक्षा असे. भरलेल्या जीपचे वजन १,४२० किलो धरले तर उतारावरून खाली ओढणारे बल सुमारे ७,२०० न्यूटन होते. इंजिनाचे पीळबल १४२ न्यूटन-मीटर. पहिला गिअर, त्यापुढे चार चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीतला ‘लो’ गिअर आणि आसावरचे दाते, या तिघांतून ते २५ पट होते. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर. यावरून, वाटेतली पाचव्या हिश्शाची गळती सोडून, चाकांशी आठ हजारांहून थोडे अधिक न्यूटन मिळतात. म्हणजे गाडी चढते, आणि फारसे उरतही नाही. या ‘लो’ गिअरशिवाय ६० अश्वशक्ती तिथे निरुपयोगी ठरली असती. उसाची भरलेली ट्रॉली शेतातून रस्त्यावर काढताना ट्रॅक्टरवाला जे करतो तेच हे आहे.

चार चाके हाच एक उपाय आहे, असे मात्र समजू नये. जर्मनांची ‘क्यूबेलवागन’ दोनच चाकांवर चाले. तिचे इंजिन मागे, फिरणाऱ्या चाकांच्या डोक्यावर होते. गाडीचे वजन ७२५ किलोंच्या आसपास. शिवाय एक चाक घसरले तर सारी शक्ती त्यातच वाया जाऊ नये म्हणून डिफरन्शिअलला आपोआप आवळणारी यंत्रणा होती. पंचवीस अश्वशक्तीत ती रशियाच्या चिखलात आणि आफ्रिकेच्या वाळूत पुष्कळ फिरली. हलके राहणे ही तिची युक्ती.

आणि एकाच वस्तूने सारे करावे हा हट्ट कुठे नेतो, तेही फोर्डनेच दाखवले. जीपला होडीचे अंग चढवून १२,७७८ पाणजीपा बनवल्या गेल्या. वजन दीड टनाच्या वर गेले. पाण्याबाहेर ती जीपपेक्षा सुस्त, आणि पाण्यात तिचा काठ इतका खाली की समुद्राच्या जरा मोठ्या लाटेने ती भरे. धड गाडी नाही, धड होडी नाही. त्यातल्या पुष्कळ सोव्हिएत युनियनला दिल्या गेल्या, आणि तिथे संथ नद्या ओलांडायला त्या चांगल्या चालल्या. गाडी तीच, पण पाणी निराळे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भागात हा विषय काढताना आवाज खाली येतो. ब्रह्मनाळ याच तालुक्यातले. तिथे बचावासाठी निघालेली, माणसांनी भरलेली बोट ८ ऑगस्टला उलटली. त्या पुरात पुष्कळ ठिकाणी लोकांना बाहेर काढले ते ट्रॅक्टरने, आणि गाड्या मात्र वाहून गेल्या. असे का? बंद दारांच्या गाडीचा तळ सुमारे ५ चौरस मीटर धरा. तो २५ सेंटिमीटर पाण्यात बुडाला की पाणी तिला सव्वा टनाने वर उचलते, म्हणजे जवळपास तिच्या सगळ्या वजनाने. चाकांवरचा भार संपला, घर्षण संपले, आता प्रवाह नेईल तिकडे. ट्रॅक्टरला असा बंद तळच नाही, आणि वजन दुपटीच्या आसपास. युद्धातल्या जीपच्या तळाला बुचाची भोके होती, आत आलेले पाणी त्यांतून जाई. बुडण्यापेक्षा तरंगणे धोक्याचे असते, हे वाक्य मुलांना एरवी विचित्र वाटेल.

इटलीतून माझगावला

सातारा-सांगली भागातल्या माणसाने जीप पहिल्यांदा पाहिली ती बहुधा गावात नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इटलीत लढत होत्या. जुलै १९४४ मध्ये यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधव यांना तिथल्याच पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या डोंगरांत दाणागोटा आणि दारूगोळा जीपने वर चढे, आणि जीपची वाट संपली की पुढे खेचरे चालत. घोड्याच्या जागी आलेली गाडी अखेर खेचराच्या हाती ओझे सोपवत होती.

युद्ध संपले तेव्हा शेकडो गाड्या मागे राहिल्या आणि ‘डिस्पोजल’च्या मालातून नागरिकांकडे आल्या. त्याच सुमारास मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. कैलासचंद्र महिंद्र युद्धकाळात भारताच्या खरेदीच्या कामासाठी अमेरिकेत होते आणि तिथे त्यांची बार्नी रूसशी भेट झाली होती. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. सुट्या भागांच्या पेट्या आणून जोडलेली विलिस जीप जून १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावातून बाहेर पडली. १९५४ पासून भाग इथेच बनवण्याचा टप्प्याटप्प्याने कार्यक्रम सुरू झाला.

त्या आधीच स्वतंत्र भारताने जीपवरून पहिला धडा घेतला होता. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लष्कराला जीप हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. १५५ गाड्या आल्या, आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. राजकारण बाजूला ठेवले तरी एक साधी गोष्ट उरते. गाडी घेण्याआधी ती चालवून, चढवून, रुतवून पाहावी लागते. हे काम आपल्याकडे करते ती लष्करी वाहनांची संशोधन संस्था महाराष्ट्रातच, अहमदनगरला आहे. फाळणीनंतर ती रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून तिथे आली. शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर आहे.

जीपचे आयुष्य मात्र आराखड्यापलीकडे वाढत गेले. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानी पॅटन रणगाडे फोडले. १० सप्टेंबरला ते तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. रणगाड्याच्या चाळीसाव्या हिश्शाएवढे वजन असलेली, चिलखत नसलेली गाडी तिथे कामी आली, कारण ती ठेंगणी होती. ती उसात दिसेनाशी होई आणि एक गोळा टाकून जागा बदलू शके. हीच गाडी उघड्या माळावर टिकली नसती.

१९६९ पासून जबलपूरच्या कारखान्यात निस्सानच्या नमुन्यावर ‘जोंगा’ तयार होऊ लागली. जवळपास ४ लिटरचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन! ताकद भरपूर, तहानही भरपूर. १९९१ मध्ये मारुतीची ‘जिप्सी’ सैन्यात आली, आणि ही खऱ्या अर्थाने जुन्या जीपची नात म्हणावी लागेल. स्वतःचे वजन एक टनाच्या आसपास, नेण्याची क्षमता अर्धा टन. हिमालयातल्या अरुंद रस्त्यांवर जवानांनी तिच्यावर जीव लावला. ५,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६० टक्के राहते, म्हणून टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात घटते. हलक्या गाडीचे त्यातही भागते, जड गाडी धापा टाकते.

पण कापडी छताखाली बसलेल्या जवानाला गोळीपासून किंवा सुरुंगापासून जिप्सी वाचवू शकत नाही. सामानही वाढले, वायरलेसचे संच आले, बॅटऱ्या आल्या. मग सैन्याने किमान ८०० किलो नेणारी, पक्क्या छताची, वातानुकूलित गाडी मागितली, आणि दीर्घ चाचण्यांनंतर २०१७ मध्ये टाटांच्या ‘सफारी स्टॉर्म’च्या ३,१९२ गाड्यांचा करार झाला. या गाडीचे वजन सुमारे दोन टन. मार्च २०२१ मध्ये महिंद्राच्या १,३०० चिलखती हलक्या गाड्यांचा करार झाला. अमेरिकेतही हेच घडले होते. १९८० च्या दशकात जीपच्या जागी ‘हम्व्ही’ आली, ती जीपच्या दुपटीहून जड आणि दोन मीटरांहून रुंद. इराकमध्ये रस्त्याकडेचे बॉम्ब फुटू लागले तेव्हा तिच्यावर चिलखताचे पत्रे चढवले गेले आणि पाटे, ब्रेक, इंजिन सारे कण्हू लागले. रूसने बोल्टाची टोके कापून वाचवलेले किलो ऐंशी वर्षांत व्याजासकट परत आले, असे म्हणता येईल. त्याला नाइलाज आहे. जवानाचा जीव किलोंत मोजता येत नाही.

आता वडाप. लढाईत चार माणसांसाठी आखलेल्या या गाडीचा सांगाडा लांब केला, पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन आले, मागे समोरासमोर बाके आली. एसटी जिथे दिवसातून दोनदा जाते तिथे ही गाडी दर अर्ध्या तासाला जाते, म्हणून लोक तिला धरून आहेत. ते चुकत नाहीत. पण गुरुत्वमध्याचे गणित लोकांची अडचण पाहत नाही.

रिकामी लांब जीप १,४०० किलो आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असे धरू. आत १४ माणसे, सरासरी ६० किलोंची. बाकावर बसलेल्यांचा गुरुत्वमध्य सुमारे १.१ मीटरवर. टपावर चौघे, सुमारे २.२ मीटरवर. सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य काढा. तो ९५ सेंटिमीटरवर येतो. चाकांतले अंतर सव्वा मीटर, म्हणजे निम्मे ६२.५ सेंटिमीटर. वळणावर गाडी उलटण्याची मर्यादा या निम्म्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून मिळते. रिकाम्या गाडीसाठी ती ०.९६ आहे, भरलेल्या गाडीसाठी ०.६६.

आता हे आकडे रस्त्याच्या घर्षणगुणांकाशेजारी ठेवा. कोरड्या डांबरावर तो ०.७ ते ०.८. रिकामी जीप वेगाने वळली तर ०.९६ गाठण्याआधीच चाके घसरतात. गाडी फरफटते, चालक घाबरतो, वेग कमी करतो. भरलेली जीप घसरतच नाही, कारण त्याआधी ०.६६ येते. ती कोणतीही सूचना न देता उलटते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग ताशी ५० किलोमीटर निघतो. वळणावर पाटे एका बाजूला दबतात ते धरले तर आणखी कमी. टपावरच्या चौघांना खाली उतरवले तर मर्यादा ०.७६ होते, म्हणजे चौघांच्या उतरण्याने गाडी पुन्हा घसरण्याच्या बाजूला झुकते. ‘टपावर बसू नका’ हे आपण मुलांना दहा वेळा सांगतो. आमच्या वर्गात हे गणित फळ्यावर झाले त्या दिवशी, टपावरून येणारा एक मुलगा वही घेऊन पुढे आला आणि आपले वजन घालून त्याने ते पुन्हा केले.

लिंबाखालच्या जीपकडे परत. मालकाच्या परवानगीने मुलांनी ती ढकलत उसाच्या वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग सगळी गाडी, मग फक्त मागची. बाराशेच्या आसपास भरली, पुढे थोडी जास्त. टेपने चाकांतले अंतर मोजले. मग घोडदळाच्या त्या अधिकाऱ्याची परीक्षा घ्यायची ठरली. एकट्याने उचलेना. दोघांना हलेना. चौघांनी पाट्यांतला ताण सुटेपर्यंत वर केली, पण चाके जमिनीलाच. सहाव्या मुलाने हात लावला तेव्हा मागची दोन्ही चाके बोटभर उचलली गेली. लगेच कोणीतरी म्हणाले, आता पुढून. गॅरेजवाले काका चहाचा ग्लास घेऊन इतका वेळ गंमत पाहत होते, ते तिथूनच ओरडले, ‘ए पोरांनो, फुडनं नगा उचलू, तिकडं इंजान हाय!’